पीआयपी सुधारायला देतात की घालवायला?

फटकळ: काल एका महाशयांनी लिहिलं, "दोनदा सांगून जमत नसेल तर पीआयपी हातात ठेवा आणि मोकळे व्हा, आपण क्लास काढलेले नाहीत." उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा. (पीआयपी म्हणजे परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन: काम सुधारायला दिलेली लेखी मुदत.)

दोनदा सांगितलंत म्हणजे नेमकं काय सांगितलंत? "ओनरशिप घे", "प्रोअ‍ॅक्टिव्ह हो"? यातून माणसाने सोमवारी सकाळी काय वेगळं करायचं? माझ्या टीममधल्या एकाचे रिपोर्ट कायम उशिरा यायचे. शेजारी बसून पाहिलं तर गडी वेगवेगळ्या शीटमधले आकडे हाताने जुळवत होता आणि चूक निघेल या धास्तीने प्रत्येक आकडा पुन्हापुन्हा तपासत होता. अर्धाकच्चा असला तरी मसुदा बुधवारी दाखवायचा, एवढंच ठरवलं. उशीर थांबला.

मधलीफळी: वा, छान गोष्ट. तो सुधारेपर्यंत त्याच्या वाटचं काम कोण उपसतं तेही लिहा की. आम्ही, सुट्टीच्या दिवशी. आणि अप्रेझलला दोघांना सारखीच वाढ!

हिशेबनीस: वाढीचं काढलंतच म्हणून सांगतो, खरा रोग बेल कर्व्ह, म्हणजे टीम कशीही असो, ठरलेल्या टक्केवारीने लोकांना वर, मध्ये, खाली बसवायचंच. जीई या अमेरिकी कंपनीत तिचे प्रमुख जॅक वेल्च यांनी 20-70-10 रुजवलं: वरचे 20, मधले 70 आणि खालच्या 10 टक्क्यांना नारळ. मग सगळ्यांनी तेच उचललं. मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये सोडलं, तरी आमच्याकडे चालूच.

मधलीफळी: सोडलं कुठे? आता त्याला कॅलिब्रेशन म्हणतात, मॅनेजर मीटिंगमध्ये बसून सगळ्यांची रेटिंग जुळवतात.

हिशेबनीस: अगदी! त्या मीटिंगमध्ये मला सरळ सांगितलं, "खालच्या गटासाठी तुझ्याकडून एक नाव हवं." टीममध्ये कच्चं कोणीच नव्हतं. शेवटी बाळंतपणाच्या रजेवरून नुकत्याच परतलेल्या बाईंचं नाव वरूनच लागलं. आता त्यांना कसली 'सुधारणा' शिकवू?

रोखठोक: ते महाशय मीच. बेल कर्व्हचं रडगाणं वेगळ्या धाग्यात गा. पीआयपीत निदान सगळं लेखी असतं. तुमच्या शेजारी बसण्याला पुरावा काय? उद्या तो कोर्टात गेला तर एचआर मलाच धरेल.

फटकळ: म्हणजे कागद त्याच्यासाठी नाहीच, तुमच्यासाठी आहे. बोललात एकदाचे! 60 दिवसांची मुदत द्यायची आणि दुसऱ्या आठवड्यापासून त्याच्या जागेसाठी मुलाखती घ्यायच्या. त्याला कळत नाही असं वाटतं का?

रोखठोक: मग जागा रिकामी ठेवू? मी पीआयपीतून सावरलेले लोकही पाहिलेत. दर आठवड्याला बसून काय झालं, काय राहिलं ते बघायचो.

फटकळ: हेच, साहेब, हेच! ते आठवड्याचं बसणं पीआयपीच्या आधी का नाही?

रोखठोक: कारण हाताखाली पंधरा माणसं आहेत. तुमच्याकडे किती?

फटकळ: सहा. बरं, पंधरा असताना प्रत्येकाशी बसणं अवघड, हे मान्य. पण मग "त्याला जमत नाही" म्हणू नका, "मला वेळ नाही" म्हणा.

मधलीफळी: दोघेही थोर आहात. माझं सुट्टीचं काम अजून कुणीच घेतलेलं नाही.

हिशेबनीस: बेल कर्व्हवर कुणी बोलणार आहे का?