फ्रीबीएसडीवर फायरफॉक्स काही केल्या उघडेना, कुठे चुकतंय?

गोंधळी:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं लिनक्स वापरलं, आता हौस म्हणून जुन्या डेस्कटॉपवर फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीये. एक्स (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी सिस्टिम) चालू झालं, साधासा विंडो मॅनेजर बसवला, इथपर्यंत सगळं स्वतःच केलं म्हणून दोन दिवस कॉलर ताठ होती, आणि आता ब्राउझरपाशी येऊन गाडी अडकलीये. ज्या कामाला पाच मिनिटं धरली होती त्यानेच अख्खा रविवार खाल्ला.

काय केलं ते सांगतो. दुसऱ्या मशीनवर मोझिलाच्या साइटवरून फायरफॉक्सची टार फाइल (झिपसारखी बांधलेली) उतरवली, पेनड्राइव्हने इकडे आणली, होममध्येच एक्स्ट्रॅक्ट केली आणि टर्मिनलमधून चालवली. तर एक ओळ येते की 'एल्फ इंटरप्रिटर' अमुकतमुक 'नॉट फाउंड', एरर २, आणि खाली अबॉर्ट. आता फाइल तर तिथेच आहे, एलएस करून यादी काढली की दिसतेय, परमिशन ७५५ (म्हणजे कोणीही चालवू शकेल अशी) करून झाली, मग हा 'नॉट फाउंड' कोणाला म्हणतोय? रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, होऊन पण चालवून बघितलं, तेच.

आणखी दोन शंका. जुन्या लिनक्सवरचं प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क पासवर्ड वगैरे, बॅकअप डिस्कवर आहे, ते जसंच्या तसं इथे आणून टाकलं तर चालेल ना? आणि मराठी पानांवर नुसते चौकोन दिसणार नाहीत ना, कारण आता टर्मिनलमध्ये तरी तेच दिसतायत.

शेलशॉक:
एरर शेवटपर्यंत वाच की भावा. 'अमुकतमुक' म्हणून जे गाळलंस ना, उत्तर त्यातच आहे. तिथे एलडी-लिनक्स असं काहीतरी नाव असणार, लिब६४ फोल्डरमधलं. फायरफॉक्सची फाइल सापडत नाही असं तो म्हणतच नाहीये, ती फाइल सुरू करून देणारा जो लोडर लागतो तो सापडत नाही म्हणतोय. कारण तू लिनक्ससाठी बनवलेली फाइल आणलीस. फ्रीबीएसडी दिसायला लिनक्सचं चुलतभावंड असलं तरी कर्नल (सिस्टिमचा गाभा) वेगळा, सी लायब्ररी वेगळी, त्यामुळे तिकडची बायनरी, म्हणजे तयार प्रोग्राम, इकडे तशीच चालत नाही. लिनक्युलेटर म्हणून एक सोय आहे जिच्यात लिनक्सचे प्रोग्राम चालतात, पण साध्या ब्राउझरसाठी त्या भानगडीत पडायची काही गरज नाही.

ती टार फाइल दे सोडून. रूट हो आणि 'पीकेजी इन्स्टॉल फायरफॉक्स' एवढंच कर. पीकेजी म्हणजे फ्रीबीएसडीचा पॅकेज मॅनेजर, तयार प्रोग्राम आणून बसवणारा. (फोनवरून लिहितोय, कीबोर्ड मराठीत अडकलाय, कमांड अर्थातच इंग्रजीत टाक.) बायनरी यूएसआर-लोकल-बिनमध्ये जाऊन बसेल, बाकी लायब्ररी पॅकेज मॅनेजर ओढून आणेल.

आणि हो, रूटने इन्स्टॉल करायचं पण रूटने ब्राउझर चालवायचा नाही. कधीच नाही. कुठलंही पान रूटच्या अधिकाराने उघडणं म्हणजे घराची किल्ली दाराला लावून गावाला जाणं.

जुनं खोड:
शेलशॉकने बरोबर सांगितलंय, मी फक्त मागचं पुढचं जोडतो.

ब्राउझर ही चीजच मुळात युनिक्स वर्कस्टेशनवर जन्मली हे नव्या पोरांना माहीत नसतं. पहिला ब्राउझर १९९० साली नेक्स्ट मशीनवर लिहिला गेला, आणि ज्याने खरी हवा केली तो मोझॅक १९९३ ला आधी एक्स विंडोवरच आला, विंडोज आणि मॅकचा नंबर नंतर लागला. आमच्या ऑफिसात तेव्हा ८ बिट रंगांचे डिस्प्ले असलेली वर्कस्टेशनं होती, म्हणजे स्क्रीनवर एका वेळी २५६ रंग, आणि तेवढ्यातच सगळ्या प्रोग्रामनी भागवायचं. नेटस्केप उघडला की तोच निम्मे रंग गिळायचा आणि नंतर उघडलेल्या प्रोग्रामला रंगच उरायचे नाहीत. मग 'नेटस्केप मायनस इन्स्टॉल' असं चालवायचो. नाव ऐकून वाटेल की इन्स्टॉल करतोय, पण त्याचा अर्थ स्वतःचा वेगळा कलरमॅप, म्हणजे रंगांची यादी, घे. मग काय व्हायचं, माउस नेटस्केपवर नेला की पान झकास दिसायचं आणि मागच्या सगळ्या खिडक्या एकदम जांभळ्या-हिरव्या, माउस बाहेर काढला की खिडक्या जागेवर आणि नेटस्केपला कावीळ. दिवसभर हा खेळ. बाजूचा माणूस काम सोडून बघत बसायचा.

असो, मुद्द्यावर येतो. त्या काळातली एक गोष्ट फायरफॉक्समध्ये अजून जिवंत आहे ती म्हणजे लॉक. प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये 'लॉक' नावाची सिमलिंक (एरवी दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी) असते, ती कुठल्या फाइलकडे जातच नाही, तिच्या टोकाला मशीनचा आयपी आणि प्रोसेसचा नंबर लिहिलेला असतो. आमची होम डिरेक्टरी एनएफएसवर (नेटवर्कवरच्या सामाईक डिस्कवर) होती, म्हणजे कुठल्याही टेबलावर बसलं तरी होम तेच. एका मशीनवर नेटस्केप उघडा ठेवून दुसऱ्यावर जाऊन बसलं की तो म्हणायचा आधीच चालू आहे, आणि मग मजला ओलांडून जाऊन बंद करून यायचं. कधी 'आधीच चालू आहे' असा मेसेज आला तर आधी पीएस करून, म्हणजे चालू प्रोसेसची यादी काढून, बघा खरंच चालू आहे का, नसेल तरच ती लिंक उडवा. चालू असताना उडवून दोन ब्राउझर एकाच प्रोफाइलवर सोडले तर बुकमार्कच्या डेटाबेसची वाट लागते.

प्रोफाइलबद्दल माझं मत विचाराल तर जुनं आणूच नका. नवं घर, नवी भांडी. बुकमार्क तेवढे इम्पोर्ट करा.

गोंधळी:
शेलशॉक दादा, तंतोतंत! त्या ओळीत एलडी-लिनक्स-एक्स८६-६४ असंच होतं, मी 'काहीतरी पाथ' म्हणून डोळ्याआड केलं होतं. पीकेजीने दोन मिनिटांत झालं. मी फायरफॉक्स-ईएसआर (लांब मुदतीची आवृत्ती) घेतलं, कुठेतरी वाचलं होतं की ते स्टेबल असतं.

पण काका, तुमचं ऐकायला हवं होतं. बॅकअप डिस्क माउंट केली, रूटने 'सीपी मायनस ए' करून डॉट-मोझिला फोल्डर (प्रोफाइल त्यातच असतं) अख्खं होममध्ये आणलं, आणि आता नवीनच: फायरफॉक्स म्हणतो तुमचं प्रोफाइल लोड होत नाही, एकतर नाहीये किंवा उघडता येत नाही. एलएस मायनस एल केलं तर मालकाच्या जागी माझं नावच नाही, नुसता आकडा आहे, १०००. हा कोण १०००?

शेलशॉक:
हाहा, १००० म्हणजे तूच रे. लिनक्सवरचा तू. तिकडे पहिल्या युजरला बहुतेक ठिकाणी १००० नंबर मिळतो, फ्रीबीएसडी १००१ पासून सुरू करतं. फाइलवर नाव लिहिलेलं नसतं, नंबर असतो, आणि मायनस ए लावलं की तो नंबर जसाच्या तसा कॉपी होतो. इथे १००० नावाचा कोणी राहतच नाही म्हणून आकडा दिसतोय. आणि फोल्डर ७०० परमिशनचं असणार, म्हणजे मालक सोडून कोणाला प्रवेश नाही, म्हणजे स्वतःच्याच घराबाहेर उभा आहेस.

रूट होऊन 'सीएचओन मायनस आर' (फाइलचा मालक बदलणारी कमांड, आर कॅपिटल, म्हणजे आतल्या सगळ्यासकट), मग तुझं युजरनेम, मग डॉट-मोझिलाचा पूर्ण पाथ. पाथ नीट टाक हं, मायनस आर आहे आणि तू रूट आहेस.

पुढचं आधीच सांगून ठेवतो. आता उघडेल पण बुकमार्क रिकामे दिसतील. घाबरू नको, ते गेलेले नाहीत. २०१९ च्या ६७ व्हर्जनपासून फायरफॉक्स प्रत्येक इन्स्टॉलेशनला वेगळं प्रोफाइल देतो, इन्स्टॉल कुठल्या पाथवर आहे त्यावरून ओळखतो. तुझा पाथ बदललाय म्हणून तो नवं कोरं प्रोफाइल काढेल. बंद कर, 'फायरफॉक्स मायनस पी' म्हण, पी कॅपिटल, यादी येईल, जुनं निवड.

गोंधळी:
सगळं तुम्ही म्हणालात तस्संच झालं. सीएचओन केलं, उघडला, बुकमार्क रिकामे, मायनस पी, यादीत दोन नावं, जुनं निवडलं आणि... आता तो म्हणतो की तुम्ही फायरफॉक्सचं जुनं व्हर्जन चालवताय, नवं प्रोफाइल बनवा नाहीतर क्विट करा. दोनच बटणं. 'मला माहितीये, चालू कर' असं तिसरं बटण का नाही देत हे लोक 😩

जुनं खोड:
म्हणून म्हटलं होतं नवी भांडी.

शेलशॉक:
काका जखमेवर मीठ नका चोळू 😄

गोंधळी, ते ईएसआरमुळे. तिकडे लिनक्सवर साधा रिलीज होता ना, तो दर थोड्या आठवड्यांनी नवा होतो. ईएसआर साधारण वर्षातून एकदा मोठी उडी मारतो, मध्ये फक्त सिक्युरिटीचे फिक्स येतात. म्हणजे तुझं प्रोफाइल पुढच्या व्हर्जनने वापरलेलं आणि ब्राउझर मागचा. पुढच्याने डेटाबेसची रचना बदललेली असू शकते, मागच्याने त्यात लिहिलं तर खिचडी, म्हणून तो सरळ नाहीच म्हणतो. बटण देत नाहीत ते बरंच आहे, दिलं असतं तर तू दाबलं असतंस.

दोन वाटा आहेत. ईएसआर काढून साधं फायरफॉक्स पॅकेज टाक, ते तुझ्या जुन्या व्हर्जनच्या बरोबरीचं किंवा पुढचं असेल तर प्रश्नच मिटला. नाहीतर नव्या प्रोफाइलमध्ये हवं तेवढंच आण: जुन्या प्रोफाइलमध्ये बुकमार्कबॅकअप्स नावाचं फोल्डर आहे, त्यातली ताजी फाइल बुकमार्क मॅनेजरच्या रिस्टोअरमधून दे (नव्यात आधी काही साठवलं असेल तर ते पुसलं जातं). पासवर्डसाठी लॉगिन्स-डॉट-जेसन आणि की४-डॉट-डीबी अशा दोन्ही फाइल ब्राउझर बंद असताना कॉपी कर. एकटी आणलीस तर उपयोग नाही, एकीत कुलूपबंद पासवर्ड आहेत आणि दुसरीत किल्ली.

अजून एक, पॅकेजमधला फायरफॉक्स स्वतःहून अपडेट होत नाही, ती सोय बंद करूनच बिल्ड करतात. 'पीकेजी अपग्रेड' तुलाच अधूनमधून मारायचंय. ब्राउझर उघडा असताना मारलंस तर नव्या टॅबमध्ये रीस्टार्ट करा म्हणून अडून बसेल, तेव्हा पुन्हा धागा काढू नकोस.

अक्षरवेडी:
मराठीचं कोणी सांगितलंच नाही की! सगळे प्रोफाइलच्या मागे.

आधी 'एफसी-लिस्ट' चालव, पुढे कोलन लँग इज इक्वल टू एमआर. मराठी लिहू शकणारे जेवढे फॉन्ट मशीनवर आहेत त्यांची यादी येते. काहीच आलं नाही तर समज एकही नाही, आणि चौकोन त्यामुळेच. अशा वेळी ब्राउझरला दोष देऊन फायदा नाही, तो फॉन्ट सिस्टिमकडूनच मागून घेतो. नोटो सान्स देवनागरी किंवा कुठलाही युनिकोड देवनागरी फॉन्ट आण, होममध्ये डॉट-लोकल, त्यात शेअर, त्यात फॉन्ट्स असं फोल्डर कर, फाइल तिथे टाक, 'एफसी-कॅश' चालव म्हणजे नव्या फॉन्टची नोंद होईल, फायरफॉक्स बंद करून परत उघड. रूटची गरजच नाही.

मग सेटिंगमध्ये फॉन्टच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जा. वर एक ड्रॉपडाउन असतो, त्यात लॅटिन निवडलेलं असतं आणि लोक तिथेच मराठी फॉन्ट लावून 'काही फरक पडत नाही' म्हणत बसतात. तो ड्रॉपडाउन देवनागरीवर आण, मग खाली सेरिफ, सान्स जे लावायचं ते लाव. जोडाक्षरं बारीक दिसत असतील तर किमान आकार पण तिथेच वाढवता येतो, फक्त देवनागरीचा, इंग्रजी आहे तसंच राहतं. मी १५ ठेवते, डोळे निवतात.

आणि काही पानांवर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतील. फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय असूनही दिसतात, कारण पान बनवणाऱ्याने भाषा मराठी आहे हे सांगितलेलंच नसतं, किंवा हिंदी म्हणून सांगितलेलं असतं. त्यावर तुझ्याकडे फार इलाज नाही. मी अशा साइटवाल्यांना मेल करते. एकाने दुरुस्त केलं पण. एकानेच.

गोंधळी:
मंडळी, त्याच फायरफॉक्समधून लिहितोय! साधं पॅकेज टाकलं, व्हर्जन जुन्याच्या पुढचंच निघालं, प्रोफाइल मुकाट उघडलं, बुकमार्क पासवर्ड सगळं जागेवर. ताई, यादी खरंच रिकामी होती, नोटो टाकल्यावर हा धागा पहिल्यांदा नीट वाचला, तोपर्यंत फोनवरच वाचत होतो. आणि मी पण लॅटिनमध्येच फॉन्ट लावून बसलो होतो, सांगायला लाज वाटते.

एकच राहिलं, साधे व्हिडिओ चालतात पण पैसे भरून बघायच्या साइटवर एरर येतो.

शेलशॉक:
तो डीआरएमचा, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून लावलेल्या कुलपाचा मामला. ते उघडायला वाइडवाइन नावाचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते फ्रीबीएसडीसाठी अधिकृतपणे मिळत नाही. लोक त्यासाठी लिनक्युलेटरमध्ये लिनक्सचा क्रोम चालवतात, म्हणजे जे मी पहिल्या दिवशी नको म्हणालो होतो तेच. जमतं, पण एक रविवार बाजूला काढून ठेव.

गोंधळी:
नको, सिनेमा फोनवर बघेन. ती पहिली टार फाइल आणि तिचं फोल्डर अजून होममध्ये पडलंय, तेवढं आता आरएम मायनस आरएफ (न विचारता सगळं पुसणारी कमांड) करून उडवतो.

जुनं खोड:
एंटर दाबायच्या आधी पीडब्ल्यूडी करून बघ, कुठे उभा आहेस ते.