सुट्या पनीरची तक्रार
डेअरीतलं सुटं पनीर आंबूस निघालं आणि दुकानदाराने हात वर केले, असं तुम्ही लिहिलंय. त्याच्याशी हुज्जत घालू नका. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाचं. टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५. बिल, फोटो आणि दुकानात लावलेला १४ आकडी परवाना क्रमांक तेवढा हाताशी ठेवा.

शंका दुधा-पनीरातल्या भेसळीचीच असेल, तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याचं कलम ४० जरूर वापरा. ग्राहक स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो, आणि अन्न कायद्यात बसत नसल्याचं निघालं तर शुल्क परत मिळतं. मात्र तपासणीचा इरादा खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावा लागतो. म्हणजे पनीर नव्याने घ्यावं लागेल, पण घ्याच. घरात लहान मुलं तेच खातात.