टीईटीसाठी संघटनेने अभ्यासवर्ग कसे चालवावेत?

प्रश्न (तालुका शाखेच्या पदाधिकारी शिक्षिका):
नमस्कार. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानुसार, ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी आहे अशा सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावे लागणार आहे. निवेदने आणि न्यायालयीन लढा चालू राहीलच; पण त्याबरोबर आमच्या संघटनेने स्वतः अभ्यासवर्ग घ्यावेत, आणि ते परीक्षा संपताच विसरले जाणार नाहीत असे असावेत, अशी माझी इच्छा आहे. आखणी कशी करावी?

उत्तर (निवृत्त केंद्रप्रमुख):
मॅडम, टीईटीच्या पहिल्या पेपरच्या (पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठीच्या) 150 गुणांपैकी 30 गुण बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राला आहेत आणि अनुभवी शिक्षकांना नेमकी त्याचीच धास्ती वाटते, कारण डी.एड.च्या काळात पाठ केलेले पियाजे आणि वायगॉट्स्की, हे मुले कशी शिकतात ते मांडणारे मानसशास्त्रज्ञ, पुढे वर्गात कधी भेटलेच नाहीत. म्हणून सुरुवात मुलांच्या वह्यांपासून करावी. 52 मधून 27 वजा करून 35 लिहिणारे मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते. त्याची चूक निष्काळजीपणाची नसून त्याने मनाशी बांधलेल्या नियमाची आहे. अशा चार वह्यांवर शिक्षकांनी तासभर चर्चा केली, की मूल स्वतः ज्ञानरचना करते म्हणजे काय, हे निराळे शिकवावे लागत नाही. मार्गदर्शक बाहेरून आणण्याची घाई करू नये. तालुक्यातच उत्तम गणित शिकवणारे शिक्षक असतात.

उत्तर (द्विशिक्षकी शाळेतील शिक्षक):
सरांशी सहमत आहे, परंतु हे सर्व शाळा सुटल्यानंतर आणि रविवारीच होणार असेल, तर घर सांभाळणाऱ्या शिक्षिका आणि दूरच्या वाडीवस्तीवरील शिक्षक मागे राहतील. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये शिक्षकाच्या वर्षाकाठी किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. या अभ्यासवर्गांचे तास त्यात धरावेत आणि आपल्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाच्या, शिक्षण परिषदेत त्यांना वेळ द्यावा, ही मागणी संघटनेने जिल्हा परिषदेकडे लेखी करायला हवी.

उत्तर (शिक्षिका, इयत्ता तिसरी):
सराव चाचण्यांचे गुण व्हॉट्सॲप गटावर कृपया टाकू नयेत. ज्येष्ठ सहकारी त्या संकोचानेच वर्गाला येणे सोडतात. उत्तरपत्रिका ज्याची त्याच्या हाती द्यावी. आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये, हे पहिल्याच दिवशी सर्वांना सांगावे.