मदत हवी आहे: मुलीच्या एकांकिकेत आईचा हात किती असावा?

नमस्कार मंडळी,

मुलगी नववीत आहे, परळला मराठी माध्यमात. शाळेच्या फलकावर शालेय विद्यार्थ्यांच्या एकांकिका लेखन स्पर्धेची सूचना लागली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. नियम असे: प्रयोग अर्ध्या तासात बसला पाहिजे, पात्रं जास्तीत जास्त आठ, लेखन स्वतंत्र, आणि सोबत 'हे लेखन पाल्याने स्वतः केले आहे' असं पालकांच्या सहीचं पत्र. मी अडले आहे ती या सहीपाशी.

एकांकिका आमच्यासारख्याच एका चाळीची आहे. चाळ पुनर्विकासाला जायची आहे, सगळ्यांनी संमतीपत्रं दिली आहेत, फक्त दुसऱ्या मजल्यावरची एक मालवणी आजी सही करत नाही. 'माका खंय जावचा नाय' एवढंच म्हणते. कोणी म्हणतं तिला जास्त जागा हवी, कोणी म्हणतं मुलगा फितवतोय. नातीला शेवटी कळतं की आजीला सहीच येत नाही. आयुष्यभर तिने 'चष्मा सापडत नाही' म्हणत पत्रं, बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या दुसऱ्यांकडून वाचून घेतल्या. आता सगळ्या चाळीसमोर अंगठा उठवायची वेळ आली आहे. ही कल्पना पूर्णपणे मुलीची. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ वही मिटवली नाही.

अडचणी सांगते. मोठ्याने वाचली तर पन्नास मिनिटं लागतात. अकरा प्रवेश आहेत: गॅलरी, बिल्डरचं ऑफिस, पोस्ट, बँक, परत गॅलरी. शाळेतल्या बाईंचं म्हणणं, आजीची मालवणी काढून प्रमाण मराठी करा, परीक्षकांना कळायला हवं. शिवाय शेवटी संदेश स्पष्ट हवा.

आणि इथे माझी चूक झाली. बाईंचं ऐकून शेवटच्या प्रवेशात आजीच्या तोंडी शिक्षणाच्या महत्त्वावर दहा-बारा ओळींचं स्वगत मी लिहून दिलं. मुलगी काही बोलली नाही. पण सगळी संहिता निळ्या पेनाने लिहिली आहे आणि तेवढ्याच ओळी तिने पेन्सिलने उतरवल्या आहेत. ते पान पाहिल्यापासून मला त्या पत्रावर सही करवत नाही.

तिची एकांकिका तिचीच ठेवून छोटी कशी करायची? मालवणी ठेवावी का? अजून एक: नियमांत 'संहितेचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' अशी ओळ आहे. तिचं काय करावं? पंधरा दिवस हातात आहेत.

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षं शाळेच्या मुलांची नाटकं बसवते. तुमच्या मुलीने जे पकडलं आहे ते मोठ्यांनाही सहसा सापडत नाही, हे आधी सांगते.

ते स्वगत काढा. तुम्ही लिहिलं म्हणून तर काढाच, पण त्याची गरजही नाही. जिने आयुष्यभर ही गोष्ट लपवली ती बाई अखेरीस भाषण करणार नाही. चष्मा आहे ना तिच्याकडे! पहिल्याच प्रवेशात आजी चष्मा शोधताना दिसू दे. मध्ये एकदा नात तो चष्मा आणून देते आणि तरी आजी वाचत नाही, एवढंच घडू दे. पुढचं प्रेक्षक आपसूक ओळखतात. मात्र हे तिला असं सांगू नका. 'आजीला वाचता येत नाही हे बघणाऱ्याला पहिल्यांदा कधी कळतं?' एवढं विचारा आणि उत्तराची वाट बघा.

लांबीसाठी आधी वाचन करा. चाळीतली मुलं गोळा करून भूमिका वाटून द्या. लेखिकेने बाजूला बसायचं, मध्ये समजावून सांगायचं नाही, कोण कुठे चुळबुळतं तिथे आपल्या प्रतीवर खूण करायची. निम्मी कापाकापी मुलं तिथेच स्वतः करतात, असा माझा अनुभव. दुसरं म्हणजे प्रवेश. अकरा प्रवेश म्हणजे जागा बदलायला मध्ये दहा वेळा रंगमंचावर अंधार. शाळेची मुलं एका अंधारात अर्धं मिनिट सहज घालवतात, म्हणजे पाच मिनिटं तिथेच गेली, आणि तुमच्या पन्नास मिनिटांत ती धरलेलीच नाहीत. सगळं गॅलरीतच घडवता येईल का, ते तिला बघू दे. पोस्टमन गॅलरीत येतो, बिल्डरचा माणूसही येतो. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' तीन अंकी आहे, पण अख्खं नाटक एका सभागृहात घडतं. ते तिला वाचायला द्या.

मालवणी अजिबात काढू नका. गंगाराम गवाणकरांचं मालवणी 'वस्त्रहरण' मच्छिंद्र कांबळींनी हजारो प्रयोगांपर्यंत नेलं, आणि २०१६ साली ठाण्याच्या नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद गवाणकरांकडे होतं. परीक्षकांना मालवणी कळते. बाकीची पात्रं प्रमाण मराठी बोलतात म्हणूनच ही आजी एकटी वाटते. बाईंना हेच कारण मुलीने स्वतः सांगावं.

प्रतिसाद २

मी वकिली करतो, म्हणून हक्कांपुरतं लिहितो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिणारी व्यक्ती पहिली मालक, वयाची अट नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, असं धरलं जातं. अल्पवयीन मुलीने स्वतः केलेला करार आपल्याकडे मुळातच टिकत नाही, म्हणून आयोजक पालकांची सही मागतात. तेव्हा सही करण्याआधी पत्रात फक्त 'लेखन स्वतःचे' एवढंच आहे की हक्कांचाही उल्लेख आहे, ते नीट वाचा. असेल तर 'स्पर्धेतील सादरीकरण आणि स्मरणिकेपुरती परवानगी' असा बदल करता येईल का, हे त्यांना लेखी विचारा. लेखिका म्हणून तिचं नाव लावण्याचा हक्क कलम ५७ खाली हक्क दिल्यावरही तिच्याकडेच राहतो.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. रविवारी गॅलरीत वाचन झालं. आजीच्या ओळी शेजारच्या मालवणच्या काकींनी वाचल्या आणि दोन ठिकाणी 'आमी असां नाय म्हणत' म्हणून थांबल्या. मुलीने ते लगेच टिपून घेतलं. पोस्ट आणि बँक गेली, बिल्डरचं ऑफिसही गेलं. आता पाच प्रवेश आहेत.

'बघणाऱ्याला पहिल्यांदा कधी कळतं?' हा प्रश्न मी तिला जसाच्या तसा विचारला. ती दोन दिवस गप्प होती. मग शेवट बदलला: नात सगळ्यांना जेवायला पाठवते, दार ओढून घेते, शाईचं पॅड आजीसमोर ठेवते आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहते. संवाद नाही. पेन्सिलच्या ओळी तिने खोडरबरने पुसल्या, माझ्यासमोरच.

पत्रात हक्कांचा उल्लेख नव्हता, तो नियमावलीत आहे. आयोजकांना लेखी विचारलं आहे, उत्तर यायचं आहे. पत्रावर आज सही केली. वाचन आता एकतीस मिनिटांवर आलं आहे आणि उरलेलं एक मिनिट कुठून काढू, असं ती सकाळपासून विचारते आहे. मी काही सुचवलेलं नाही.