बुडालेल्याला वर काढल्यावर तुम्ही काय केलंत?

पोळ्याला आमच्या गावी गंगेवर बैल धुताना एक पोरगा बुडाला. काढला लवकर, पण काठावर दहा माणसं आणि दहा उपाय. तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर लिहा. ऐकीव नको.

परभणी : शेततळं, पुतण्या नऊ वर्षांचा. तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ धरलं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. मी तशीच उडी टाकणार, तर थोरल्या भावानं आधी कमरेला कासरा बांधला. लेकरू वर आलं तेव्हा ओठ निळे, छाती हलत नव्हती. आबा ओरडत होते, "उलटं धरा, पाणी काढा!" वहिनी गावची आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची कार्यकर्ती आहे. तिनं कुणाचं ऐकलं नाही. उताणं निजवलं, हनुवटी वर उचलली, नाक चिमटीत धरून तोंडानं पाच वेळा फुंकर घातली. दर फुंकरीला छाती फुगते का ते बघत. मग छातीवर तीस दाब, दोन फुंकरा. मी मोठ्यानं आकडे मोजत होतो. तोंडातून साबणासारखा फेस येतच होता, मी पुसायला लागलो तर म्हणाली, "राहू द्या भाऊजी, मोजा." चौथ्या खेपेला ओकारी आली, लगेच कुशीवर वळवलं. मग जे रडला! तरी १०८ बोलावलीच, रात्रभर दवाखान्यात ठेवलं.

नांदेड : मी पोट दाबलं होतं. भडाभडा पाणी निघालं, वाटलं जिंकलो. डॉक्टर म्हणाले, ते पोटातलं होतं. ओकारी श्वासनळीत गेली, न्यूमोनिया झाला. मित्र वाचला, पण अकरा दिवस काढले तिथं.

बीड : ऐकीवच आहे, माफ करा. आजी सांगायची, बुडालेल्याला कुंभाराच्या चाकावर घालून फिरवायचे. आता हसू येतं, पण गोल फिरवणारे मी परवाच बघितले.

धाराशिव : बहिणीला विहिरीतून काढलं तेव्हा बरी होती, चहा प्यायली. नुसता खोकला राहिला होता. चार तासांनी धाप लागली, ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. खोकला होता तेव्हाच न्यायला पाहिजे होतं.

धागा काढणारा : वर एक लिहायचं राहिलं. त्या पोराचे पाय धरून त्याला उलटं झुलवणारा मीच. किती वेळ गेला त्यात, कुणी मोजला नाही.