'स्कूल टू प्रिझन पाइपलाइन'ला मराठीत काय म्हणाल?

दुपारचा_चहा: मंडळी मदत हवीये. शाळेतल्या शिक्षांमुळे पोरं शाळेबाहेर आणि मग तुरुंगात जातात, त्याला अमेरिकेत असं म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडवरच्या एका लेखाचं मराठी करतेय. तिथे ब्लॅक ऑर्गनायझिंग प्रोजेक्ट या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने २०११ पासून लावून धरलं आणि जून २०२० मध्ये स्कूल बोर्डाने शाळांचं स्वतःचं पोलीस खातंच बंद करायचा ठराव केला (हो, शाळांचं वेगळं पोलीस खातं, मीपण दोनदा वाचलं). अडलंय 'पाइपलाइन'पाशी. तसंच ठेवलं तर नवरा म्हणतो, म्हणजे जेलचं बांधकाम पाइपलाइनमध्ये आहे का! 'शाळेकडून तुरुंगाकडे वाटचाल' कसं वाटतं?

खडू_डस्टर: वाटचाल नको हो, ती पोरगं आपल्या पायाने करतं. इथे ढकलणारा दिसला पाहिजे. अमेरिकेत १९९४ चा कायदा होता बंदूक आणली तर वर्षभर शाळेबाहेर असा, पण त्या 'झिरो टॉलरन्स'च्या, म्हणजे जराही गय नाही, अशा वाऱ्यात मारामारी, उलटून बोलणं सगळंच यायला लागलं, आणि हेडमास्तरांच्या केबिनमध्ये मिटणारं प्रकरण पोलिसात जायला लागलं. आणि 'निलंबन' पण टाळा, मला त्यावरून लाच घेतलेला तलाठी आठवतो. २०११-१२ चे सरकारी आकडे बघा, प्रीस्कूलमध्ये कृष्णवर्णीय मुलं १८ टक्के, पण एकाहून जास्त वेळा सस्पेंड झालेल्यांत ४८ टक्के. चार वर्षांच्या पोराचं कसलं निलंबन? 'घरी बसवलं' म्हणा. कायमचं काढलं तर 'दाखला हातात ठेवला', त्यात ठेवणारा हात तरी दिसतो.

पाटकरी: पाण्याचा असतो तसा पाट म्हणा की सरळ. पाट आपोआप होत नाही, कोणीतरी खणतो. रात्री लाइट आली की आम्ही शेताला पाणी द्यायला, म्हणजे दारं धरायला जातो, फावड्याने दोन ढेकळं इकडची तिकडे केली की पाणी दुसऱ्या वाफ्यात. या संघटना तेच करतायत, पाण्याला दोष न देता दारं मोडतायत.

दुपारचा_चहा: वा! आता 'विलफुल डिफायन्स'. २०१४ च्या कायद्याने कॅलिफोर्नियात तिसरीपर्यंत या कारणासाठी घरी बसवणं बंद झालं, आणि कुठल्याच इयत्तेत दाखला देता येत नाही. 'हेतुपुरस्सर अवज्ञा' लिहू?

खडू_डस्टर: ते कोर्टात शोभेल. टोपी काढली नाही, वही उघडली नाही, यालापण तेच नाव होतं. आपला शब्द 'उद्धटपणा', तितकाच ढगळ, कोणालाही बसतो. मी मास्तर आहे, 'उलट उत्तरे देतो' हा शेरा मी स्वतः लिहिलाय, पोराने फक्त "का?" विचारलं होतं. जाता जाता, उर्दूत 'शिस्त बांधणे' म्हणजे बंदुकीचा नेम धरणे.

पाटकरी: बाप रे. आणि ते भांडण झाल्यावर सगळ्यांना गोलात बसवून बोलतं करतात, त्याला?

दुपारचा_चहा: 'रिस्टोरेटिव्ह जस्टिस'. 'पुनर्स्थापक न्याय' लिहून खोडलं.

खडू_डस्टर: 'मिटवामिटवी' अजिबात नको, त्यात दाबादाबीचा वास येतो. ज्याने फोडलं त्याने ऐकायचं आणि भरून द्यायचं, असं आहे ते. 'भरपाईची बैठक'?

दुपारचा_चहा: बैठक घेतली. 'शाळा ते तुरुंग पाट' पण घेतलं. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला पाट म्हणजे जेवायला बसायचा का?