मदत हवी आहे: अरुंद गल्लीतली जुनी इमारत फोटोत सरळ कशी येईल?

नमस्कार मंडळी,

जुन्या वस्तीतल्या ऐतिहासिक इमारतींचे फोटो काढायचा नाद लागलाय. कोरीव चौकटी, लाकडी सज्जे, कमानीवरचा अर्धवट पुसलेला शिलालेख, असं जवळून टिपलेलं बरं येतं. घोडं अडतं ते अख्खी इमारत घ्यायची म्हटलं की. इमारत साधारण १० मीटर उंच आणि समोर जागा जेमतेम ८ मीटर. मागच्या भिंतीला पाठ टेकली तरी कॅमेरा वर करावाच लागतो. मग इमारत वर निमुळती होत जाते आणि मागे कलंडल्यासारखी दिसते. एडिटिंगमध्ये सरळ केली तर सज्जाच्या कडा कापल्या जातात.

कॅमेरा एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा, लेन्स १८-५५ मिमी. आता १०-१८ ची वाइड लेन्स घ्यावी का?

दुसरं म्हणजे उजेड. वरचा मजला लख्ख उन्हात आणि खालची कमान काळीकुट्ट. एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र जोडणं) केलं की रंग कॅलेंडरवरच्या चित्रासारखे भडक होतात. शिवाय समोरून माणसं आणि गाड्यांची ये-जा चालूच. एनडी फिल्टरने (लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी काच) ती गायब होतील का?

जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

लेन्स घ्यायची घाई नको, आधी हिशोब बघा. रेषा निमुळत्या होतात त्या कॅमेरा तिरका झाल्यामुळे. तो लेन्सचा दोष नव्हे. कॅमेरा उभा धरून अगदी समतल ठेवलात, तर १८ वर ८ मीटरवरून डोळ्याच्या पातळीच्या वर साधारण ५ मीटर दिसतं. म्हणजे जमिनीपासून साडेसहा-पावणेसात मीटर. १० वर अख्खी इमारत मावेल, पण फोटोचा खालचा बराच भाग नुसता रस्ता. तो क्रॉप करायचा.

त्यापेक्षा समोरच्या घरात पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर जाता आलं तर पाहा. इमारतीच्या निम्म्या उंचीवरून तीच १८ ची लेन्स वर ५ आणि खाली ५ मीटर घेते. झालं काम. फ्रेंच छायाचित्रकार युजीन आत्झे जुन्या पॅरिसचे फोटो काढताना कॅमेरा सरळ ठेवून लेन्सच वर सरकवायचा. त्याच्या बऱ्याच फोटोंत वरचे कोपरे काळे पडलेत ते त्यामुळेच. आजची शिफ्ट लेन्स हेच करते, फक्त महाग असते.

एडिटिंगमध्येच सरळ करणार असाल तर चारी बाजूंनी ऐसपैस जागा सोडून फोटो काढा.

उजेडासाठी ढगाळ दिवस उत्तम. नाहीतर सूर्यास्तानंतरची वीसेक मिनिटं, आकाश आणि खिडकीतले दिवे सारख्या उजेडाचे होतात तेव्हा. ट्रायपॉड लावा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा.

प्रतिसाद २

एनडी फिल्टरने शटर बराच वेळ उघडं ठेवता येतं, त्यामुळे चालती माणसं जातील, कमानीसमोर लावून ठेवलेली स्कूटर नाही. फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या हमरस्त्याचा असाच बराच वेळ घेऊन फोटो काढला, त्यात सगळी वर्दळ नाहीशी झाली. बूट पॉलिश करून घेत थांबलेला एक माणूस तेवढा उमटला. स्कूटरसाठी पहाटे जाणं हाच उपाय. आणि सगळी माणसं काढू नका हो! कमानीखाली एक जण उभा असला की तिची उंची कळते.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. वरच्या मजल्याचं डोक्यातच आलं नव्हतं. समोर पहिल्या मजल्यावर शिकवणी चालते, तिथे विचारतो. पण खिडकीला गज आहेत. लेन्स बाहेर काढून धरू का?

प्रतिसाद १

बाहेर नको. लेन्सचं तोंड दोन गजांच्या फटीला भिडवा, पट्टा गळ्यात असू द्या. फट लेन्सपेक्षा अरुंद असेल तर मोबाइलने काढा, आणि शिकवणी सुटल्यावर जा, नाहीतर सगळी पोरं खिडकीत येतील.